आडनावावरून मांचू ओळखणारा तो तक्ता

भाचीच्या चिनी भाषेच्या वर्गात एक तक्ता फिरतोय: तोंग, गुआन, मा, सुओ, ची, फू, ना, लांग या आठ आडनावांचे लोक मांचू (ईशान्य चीनमधला समाज, छिंग राजघराणं त्यांचंच), बाकी सगळे हान, म्हणजे चीनमधले बहुसंख्य. तिनं तो वहीत उतरवूनही घेतला. पाटील म्हटलं की जात कळली, असं कुणी म्हणालं तर आपण हसू. हे त्याच पठडीतलं आहे.

अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. गुवाल्गिया कुळातल्या अनेकांनी पुढे गुआन आडनाव घेतलं, नारा कुळातल्यांनी ना. पण म्हणून प्रत्येक गुआन मांचू? गुआन यू हा हान सेनापती इ.स. 220 च्या सुमारास मारला गेला. मांचू हे नाव त्यांचा राजा हुंग ताइजी यानं रूढ केलं 1635 साली!

‘मा’ तर कहरच. चीनमधल्या ह्वे मुसलमानांचं हे सर्वांत ठळक आडनाव. प्रसिद्ध दर्यावर्दी ‘झेंग हे’ जन्मानं मा, युन्नानचा मुसलमान.

‘बाकी सगळे हान’ हेही चूक. लेखक लाओ श मांचू, आडनाव शू, शोधा तक्त्यात. मुळात छिंग राजवटीच्या काळातले (1644 ते 1912) मांचू कुळाचं नाव रोजच्या नावाआधी लावतच नसत. छिंग दरबारातला बडा अधिकारी हेशेन निओहुरू कुळातला, पण त्यातलं ‘हे’ आडनाव नाही, नावाचंच पहिलं अक्षर आहे. पुढे काहींनी बापाच्या किंवा आजोबाच्या नावाचं पहिलं अक्षरच आडनाव केलं, त्यामुळे एकाच कुळाच्या दोन शाखांची आडनावं वेगळी.

आणखी एक समज, ‘पूर्वज आठ झेंड्यांच्या फौजेत (रंगीत झेंड्यांनुसार विभागलेल्या छिंग फौजेत), म्हणजे मांचू’: पण त्यात मंगोल आणि हान झेंडेही होते. खांग्शी बादशहाच्या आईचं तोंग घराणं हान झेंड्यात होतं. 1688 मध्ये त्यातल्या काहींची नोंद मांचूंत झाली. तक्त्यातलं पहिलंच आडनाव हे!

खरंच शोधायचं असेल तर आधी आडनावाचं चिन्ह विचारा. रोमन लिपीतल्या ‘गुआन’मागे निदान तीन वेगळी चिन्हं असतात. मग घराण्याची वंशावळ मागा आणि तीत झेंड्याचा रंग, तुकडी, कुळाचं मूळ नाव आणि मूळ गाव पाहा. ते 1744 मध्ये पुऱ्या झालेल्या, मांचू झेंड्यांच्या 80 खंडी कुळनोंदीशी ताडा. तिच्यातही कोरियन आणि हान मुळाची घराणी आहेत, म्हणून नुसतं नाव सापडलं की उड्या मारू नका. सरकारी नोंदीवरही विसंबू नका: 1982 च्या जनगणनेत मांचू सुमारे 43 लाख होते, 1990 मध्ये 98 लाख. आठ वर्षांत एवढी पोरं जन्मली नाहीत, लोकांनी नोंद बदलून घेतली.