कॅशे कचरा असेल, डेटा नाही

रविवारी सकाळी आत्याचा फोन. "अरे, माझी भिशीच गेली!" मला वाटलं, कुणी पैसे घेऊन पळालं. तसं नव्हतं. चौदा बायकांची भिशी, महिन्याला २,००० रुपये. कुणी भरले, कुणाचे राहिले, कोणत्या महिन्यात कुणाची चिठ्ठी निघाली, हे सगळं ती फोनमधल्या एका फुकट हिशोबाच्या अ‍ॅपमध्ये लिहायची. आदल्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर आलेला एक फॉरवर्ड वाचून तिने त्यातला पहिला उपाय केला. सकाळी अ‍ॅप उघडलं, तर ते पहिल्या दिवसासारखं नाव आणि चलन विचारत बसलं होतं.

फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. ‘फोन फुल? हे ५ उपाय करा’, मग लाल बाण, शेवटी जोडलेले हात. पाच उपाय असे: अ‍ॅपचा कॅशे आणि डेटा हा दोन्ही तात्पुरता कचरा, दर आठवड्याला साफ करा. फोटोंचा बॅकअप झाला की फोनमधून बिनधास्त डिलीट करा, क्लाउडवर कायम राहतात. महत्त्वाचं सगळं पेनड्राइव्हवर टाका, जन्माची चिंता मिटली. जुनं काही विकताना रीसेट किंवा डिलीट केलं की सगळं पुसलं जातं. चालू अ‍ॅप्स सतत सरकवून बंद करा, रॅम मोकळी राहते.

पहिल्या उपायाने आत्याचा घात केला, म्हणून आधी तोच.

कॅशे म्हणजे कचरा, हे एक वेळ मान्य. कॅशेमध्ये अ‍ॅप अशा गोष्टी ठेवतं ज्यांचं मूळ दुसरीकडे आहे: बातम्यांच्या अ‍ॅपने उतरवलेली चित्रं, आधी पाहिलेल्या पानांच्या प्रती. पुसल्या तर पुन्हा येतात, फार तर थोडं नेट खर्ची पडतं. अँड्रॉइडच्या अधिकृत दस्तऐवजात डेव्हलपरांना स्पष्ट सांगितलंय की जागा कमी पडली तर सिस्टीम कॅशेतल्या फायली स्वतःहून काढून टाकू शकते, त्या तिथे असतीलच असं धरून चालू नका. म्हणजे गरज पडली की हे काम फोन आपणहून करतो, त्यासाठी आठवड्याचा वार लावायची गरज नाही.

डेटाचं बरोबर उलटं. अ‍ॅपच्या खाजगी जागेत त्याचा डेटाबेस असतो, सेटिंग असतात, लॉगिन असतं. आत्याच्या भिशीच्या नोंदी त्या डेटाबेसमध्ये होत्या आणि जगात दुसरीकडे कुठेही नव्हत्या. अ‍ॅपला खातं नाही, सर्व्हर नाही, बॅकअप नाही. ‘स्टोरेज साफ करा’ दाबलं की ही सगळी जागा रिकामी होते. ज्या अ‍ॅपचा माल सर्व्हरवर असतो तिथे पुन्हा लॉगिन केलं की सगळं परत दिसतं, आणि म्हणूनच हा उपाय लिहिणाऱ्याला तो निरुपद्रवी वाटला असणार. एका अ‍ॅपवर करून बघितलं, काही बिघडलं नाही, दिलं ठोकून सगळ्या गावाला.

गंमत म्हणजे ते बटण दाबल्यावर फोन विचारतो. डेटा कायमचा जाईल असं बजावतो. मी आत्याला म्हटलं, "वाचलं नाहीस?" तर म्हणाली, "वाचलं की! पण मेसेजमध्ये लिहिलं होतं, घाबरू नका, ओके दाबा." समोर फोन ‘कायमचा’ म्हणतोय आणि माणूस विश्वास ठेवतो ‘तात्पुरता’ म्हणणाऱ्या अनोळखी मेसेजवर. यात मला आत्यापेक्षा ते ‘घाबरू नका’ लिहिणाऱ्याचा राग येतो.

फोटोंचा उपायही तसाच घातकी. गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असताना त्याच अ‍ॅपमधून फोटो डिलीट केला, तर तो क्लाउडवरूनही जातो. बॅकअप झालेला फोटो ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो, नंतर तिथूनही जातो. फोनमधली प्रत काढून क्लाउडमधली ठेवायची असेल, तर जागा मोकळी करण्याचा वेगळा पर्याय त्या अ‍ॅपमध्ये आहे, तो वापरा. आणि ‘क्लाउडवर कायम’ म्हणाल, तर गूगलचं २०२३ पासूनचं धोरण असं आहे की वैयक्तिक खातं दोन वर्षं वापरलंच नाही, तर ते खातं आणि त्यातले फोटोसुद्धा काढून टाकले जाऊ शकतात.

पेनड्राइव्ह. त्यात फ्लॅश मेमरी असते, आणि तिच्यात माहिती म्हणजे इवल्याशा कप्प्यांत कोंडलेला विद्युतभार. तो हळूहळू झिरपतो, उष्णतेत लवकर. जेडेक ही या उद्योगाची मानकं ठरवणारी संस्था. तिच्या जेईएसडी २१८ मानकात घरगुती वापराच्या एसएसडीकडून, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या फ्लॅश मेमरीच्याच ड्राइव्हकडून, अपेक्षा किती? लिहिण्याची ठरलेली क्षमता वापरून झाल्यावर, वीज न देता, ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष. नवीकोरी ड्राइव्ह याहून बरीच जास्त टिकते, हे खरं. पण हे झालं एसएसडीचं, फुकट वाटलेल्या पेनड्राइव्हला हे मानक लागूच नाही. नागपूरच्या मे महिन्यात कपाटात पडलेल्या पेनड्राइव्हवर लग्नाचा एकुलता एक व्हिडिओ ठेवून कुणी निर्धास्त झोपू नये.

रीसेटचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. अँड्रॉइड १० किंवा त्यानंतरच्या आवृत्तीसह आलेल्या फोनमध्ये डेटा एन्क्रिप्ट केलेलाच असतो, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात. रीसेट केल्यावर किल्ली नष्ट होते, उरतो तो न उलगडणारा गोंधळ. पण त्याच वाक्यात ‘किंवा डिलीट’ घुसवलंय ना, तिथे घोळ आहे. जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर फाइल डिलीट केली की फक्त तिची नोंद जाते. मजकूर तिथेच असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत.

रॅमबद्दल काय बोलायचं? चालू अ‍ॅप्स जिथे काम करतात ती ही मेमरी मुळातच तात्पुरती, वीज गेली की कोरी. ती भरलेली असणं हा आजार नाही, अँड्रॉइड मुद्दामच अलीकडची अ‍ॅप्स तिथे तयार ठेवतो. बंद करून पुन्हा उघडलीत तर उलट जास्त बॅटरी जाते.

आत्याच्या नोंदी मी परत आणू शकलो नाही. मग तिने एकेक बाईला फोन लावला. चौदा जणींच्या चौदा आठवणी. शेवटी शेजारच्या काकूंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. त्यावर दर महिन्याच्या चौकटीत पेनाने लिहिलं होतं, कुणाची चिठ्ठी निघाली ते. जानेवारीपासूनचा हिशोब त्यावरून जुळला. भिशी सुरू झाली होती नोव्हेंबरात, आणि गेल्या वर्षीचं कॅलेंडर रद्दीत गेलं होतं. त्या दोन महिन्यांवरून अजून वाद चालू आहे.