पोट पडलेल्या बाईचं पाणी तोडू नका

आमच्या यवतमाळ भागात गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: पोट पडलं, म्हणजे गर्भ पडला, की गर्भपिशवीत घाण राहते, म्हणून प्रत्येकीने क्युरेटिंग (पिशवी आतून खरवडणं) करावंच. रक्त जाईल तितकं चांगलं. सव्वा महिना अंघोळ नाही, पाणी मोजकंच, काम बंद. वर्षभर दिवस राहू देऊ नये. आणि बाई वावरात वाकून राबते म्हणूनच हे होतं.

मी उपकेंद्रात नर्स आहे. यातल्या एका वाक्यापायी बाई जिवानिशी जाऊ शकते, म्हणून आधी तेच घेते.

‘रक्त जाईल तितकं चांगलं.’ साफ खोटं. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडला तर पाळीपेक्षा जास्त रक्त जातं, गाठी पडतात, कळा येतात. मग ते कमी होत साधारण दोन आठवड्यांत थांबतं. पण सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील, तर जीव धोक्यात आहे. आपल्याकडे अनेकजणी कपडा वापरतात. ‘किती जातंय?’ विचारलं की उत्तर येतं, ‘लय जाऊन राह्यलं, सिस्टर.’ त्यावरून काही कळत नाही, म्हणून मी कपडाच दाखवायला सांगते. जाड घडी आरपार भिजली का, डाग साडीपर्यंत आला का, आधीची घडी कधी बदलली? रक्त असं जात असेल, चक्कर येत असेल, ताप १००.४ च्या वर असेल, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येत असेल किंवा पोटदुखी थांबत नसेल, तर सकाळ होण्याची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

क्युरेटिंगचं म्हणाल तर गर्भ पूर्ण पडून गेला असेल तेव्हा पिशवीला हातही लावावा लागत नाही. काही अंश आत राहिला असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीत वाट बघता येते, गोळ्या देता येतात किंवा सक्शन करता येतं, म्हणजे नळीने आतलं ओढून काढता येतं. जागतिक आरोग्य संघटनाही खरवडण्याऐवजी सक्शन करायला सांगते. खरवडल्याने, विशेषतः पुन्हा पुन्हा खरवडल्याने, पिशवीच्या आतल्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात आणि पुढे दिवस राहायला अडचण येते. म्हणून सही करण्याआधी विचारा: आत खरंच काही राहिलंय का, आणि सक्शन करणार की खरवडणार? मेडिकलमधून आपल्या मनाने गोळ्या मात्र आणू नका. गर्भ पिशवीऐवजी गर्भनळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही, आणि नळी फुटली तर पोटातल्या पोटात रक्तस्राव होतो.

पाणी तोडायला कसलाच आधार नाही. रक्त गेलेल्या बाईला, त्यातही आपल्या मे महिन्यात, पाणी जास्तच लागतं. अंघोळ रोज करावी. तळ्यात-विहिरीत उतरणं आणि नवऱ्याजवळ जाणं तेवढं रक्त थांबेपर्यंत टाळावं. वापरायचे कपडे लाजेपायी साडीखाली झाकून वाळवू नका, उन्हात टाका.

मेसेजमध्ये हिमोग्लोबिनचं नावही नाही, याचा मला सगळ्यात राग येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालं. आधीच कमी, त्यात हे गेलेलं. तपासणी करा, सांगितल्या तेवढ्या लोहाच्या गोळ्या पुऱ्या करा. पण गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. घरात कोणाला तो असेल तर लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही लगेच सांगा, पुढच्या बाळाला धोका होऊ नये म्हणून अँटी-डीचं इंजेक्शन लागणार असेल तर ते ७२ तासांच्या आत द्यायचं असतं.

काम बंद ठेवा, हे मात्र बरोबर. कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा आहे, पण ती रोजाने वेचणीला जाणाऱ्या बाईपर्यंत पोचत नाही. तेव्हा पाणी भरणं, ओझं उचलणं हे घरातल्या इतरांनीच घ्यायला हवं.

वर्षभर थांबायचा नियमही सरसकट लागू नाही. स्कॉटलंडमधल्या तीस हजारांवर बायकांच्या नोंदी तपासून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत पुन्हा दिवस राहिलेल्यांचं बाळंतपण उलट बरं झालेलं दिसलं. रक्त भरून आलं आणि मनाची तयारी असली की पुरे. थांबायचं असेल तर साधन लगेच वापरा, पाळी यायच्या आधीच, दोन-तीन आठवड्यांतही दिवस राहू शकतात.

राहिला वाकण्याचा आरोप. सुरुवातीच्या महिन्यांत पडलेल्या गर्भांपैकी जवळपास निम्म्यांत गुणसूत्रांचा दोष असतो, तो गर्भ धरतानाच ठरलेला असतो. रोजचं निंदण किंवा वेचणी केल्याने तो दोष येत नाही. आणि असं पुन्हा पुन्हा झालं तर तपासणी दोघांचीही करावी लागते, नवऱ्याचीसुद्धा.