ऐकणं म्हणजे वाचन नव्हे म्हणे

आज शाळेत पालकसभा होती. घरी येऊन दोन तास झाले तरी डोकं तापलेलंच आहे, म्हणून लिहून टाकते. विषय साधा होता, लायब्ररीत पुस्तकांसोबत चार टॅब आणि हेडफोन ठेवायचे, पोरांना तिथंच बसून ई-पुस्तकं वाचता येतील, ऑडिओ पुस्तकं ऐकता येतील. आम्ही काहीजण वर्गणी काढायला तयार होतो. तर एक पालक उठले आणि म्हणाले, "ऐकणं म्हणजे काय वाचन नव्हे, हे नुसते लाड आहेत." अर्ध्या सभेनं माना डोलावल्या, मॅडम म्हणाल्या पुढच्या वर्षी बघू, आणि चहा आला.

लाड??

माझं पोरगं सहावीत आहे, डिस्लेक्सिया आहे त्याला. 'परत'चं 'पतर' होतं, ओळ निसटते, तिसऱ्या ओळीला पुस्तक मिटतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या आवडीचं गोष्टींचं पुस्तक मीच फोनवर रेकॉर्ड केलं, रात्री कुकर लावून ओट्यापाशी उभं राहून, त्यामुळं शिट्ट्या पण आल्यात त्यात. तो छापील पुस्तक मांडीवर घ्यायचा, कानात इअरफोन, आणि ओळीखाली बोट. दुसरी शिट्टी झाली की पान उलटायचं हे त्याला पाठ झालेलं. असं करत करत पुस्तक संपवलं त्यानं. पहिल्यांदा. मला दाखवायला शेवटचं पान उघडून धरून आला होता.

आणि हे काय नवीन आहे का हो? आपल्याकडं गावोगाव सप्ताह बसतो, ज्ञानेश्वरीचं पारायण असतं, व्यासपीठावरून माईकवर ओव्या चालू असतात आणि मांडवात बसलेल्या बायका आपापल्या पोथीत ओवीवर बोट ठेवून मागं मागं जातात. माझी चुलती दुसरी शिकलेली, ती अशीच वाचायला शिकली. तिला कोणी म्हणालं का, की काकू हे वाचन नव्हे? मग माझ्या पोराच्या बोटानं काय घोडं मारलंय?

बरं, मोबाईलचा धाक मलाही आहे. ते पालक वाईट नसतील, त्यांच्या घरी रील्सवरनं रोज भांडण होत असेल, आमच्याकडंही होतं. आणि लायब्ररीनं ई-पुस्तक घेतलं तरी पुष्कळदा ते मुदतीपुरतंच मिळतं, मुदत संपली की गेलं, हेही मान्य. पण म्हणून कपाटातली पुस्तकं काढून टाका असं कोण म्हणतंय! मला कागदच हवाय. भिलारला, आपल्या साताऱ्याच्या पुस्तकांच्या गावात, आम्ही गेलो तेव्हा माझं पोरगं एका घराच्या ओसरीवर चित्रांची पुस्तकं घेऊन बसलं ते उठेना. मला दोन्ही हवंय, एवढंच.

आणि कागद तरी कायमचा कुठं असतो? २०१९ च्या पुरात आमच्या भागातल्या एका शाळेची खालची कपाटं बुडाली, पुस्तकांचे नुसते गोळे झाले होते. आम्ही गच्चीवर एकेक पान सोडवत वाळवत होतो, निम्मी फेकावीच लागली. (लाईट तर कित्येक दिवस नव्हती, टॅब तरी काय कामाचा होता, हे मीच सांगते, कुणी कमेंटमध्ये सांगायला नको.)

राग लाड या शब्दाचा येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारखी अडचण, आहे. २०१२ मध्ये कॉपीराईट कायदा बदलला तेव्हा अशा लोकांसाठी पुस्तक ऐकता येईल अशा रूपात करून देता यावं ही सोयही त्यात आली. छापील वाचणं जमत नाही त्यांच्यासाठी सरकारचं सुगम्य पुस्तकालय ऑनलाईन आहे. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. म्हणजे दिल्लीत बसून ज्यांनी माझ्या पोराला कधी बघितलं नाही त्यांना ते कळलं, आणि त्याच्याच शाळेत ते लाड!

चष्मा लावणाऱ्या पोराला कोणी लाड म्हणत नाही.

आणि तिथं सभेत मी हे काहीच बोलले नाही. घसा भरून आला म्हणून खाली बसले. त्याचं जास्त वाईट वाटतंय. पुढच्या सभेला फोन घेऊन जाणार आहे आणि ते रेकॉर्डिंग लावणार आहे, शिट्ट्यांसकट. सांगली-मिरजेत ज्यांचा आवाज स्वच्छ आहे आणि आठवड्यातून अर्धा तास आहे त्यांनी मेसेज करा, अशा पोरांसाठी वाचून द्यायचंय.

मघाशी पोरगं विचारत होतं टॅबचं काय झालं. म्हटलं पुढच्या वर्षी. तर म्हणाला, "मग आजची गोष्ट तूच वाच." कुकर लावलाय. तो बाहेर पुस्तक उघडून बसलाय.