रानफुलांवरचे संशोधन ही उधळपट्टी आहे का? एका फिरत्या संदेशाला उत्तर

पावसाने जोर धरला आणि येऊरच्या वाटांवर, खारघरच्या डोंगरउतारांवर लोक फुलांची छायाचित्रे काढू लागले, की ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा: रानफुले म्हणजे तण, आनुवंशिकीचे खरे काम भात-गव्हावर होते, रानफुलांवरचे संशोधन हा करदात्याच्या पैशावर जोपासलेला छंद आहे, उत्क्रांतीला लाखो वर्षे लागतात, त्यामुळे ती फुलात कोणाला दिसणे शक्य नाही, फुलांचे रंग ही नुसती शोभा, आणि शेतकऱ्याला या सगळ्याचा उपयोग शून्य. हा संदेश पुढे पाठवणारी माणसे शिकलेली आणि हेतूने चांगली असतात, म्हणूनच त्याला मुद्देसूद उत्तर द्यावेसे वाटते.

पहिला मुद्दा पिकांचा. ज्या वनस्पतीचा संपूर्ण जनुकसंच (पेशीतली सगळी आनुवंशिक माहिती) सर्वांत आधी, म्हणजे २००० साली, वाचून झाला ती पीक नव्हती. मोहरीच्या कुळातली, युरोपात रस्त्याच्या कडेला आणि पडीक जमिनीत उगवणारी, वीतभर उंचीची अरॅबिडॉप्सिस ही ती वनस्पती. तिची निवड होण्याची कारणे पूर्णपणे व्यावहारिक होती. बी रुजल्यापासून नवे बी हाती येईपर्यंत तिला साधारण सहा आठवडे लागतात, एका रोपाला हजारो बिया धरतात, आणि तिचा जनुकसंच डीएनएच्या सुमारे साडेतेरा कोटी अक्षरांचा, म्हणजे हाताळता येण्याइतका लहान आहे. भाताचा जनुकसंच सुमारे ४० कोटी अक्षरांचा आणि गव्हाचा १,६०० कोटींच्या आसपासचा आहे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की पिकांमध्ये हजारो वर्षे माणसानेच निवड केलेली आहे. निसर्गातली निवड कशी चालते, दुष्काळ, कीड, परागवाहक (पराग वाहून नेणारे कीटक-पक्षी) आणि माती यांनी जनुकांवर कोणते ठसे उमटवले, हे विचारायचे असेल तर ज्या वनस्पती आजही त्या निवडीला सामोऱ्या जात आहेत त्यांच्याकडेच जावे लागते. अरॅबिडॉप्सिस एकटीही त्यासाठी पुरत नाही, कारण तिची फुले बारीक, पांढरी आणि बहुतांशी स्वपरागण करणारी असतात; कीटक आणि फूल यांच्या नात्याबद्दल ती फारसे सांगू शकत नाही.

‘उत्क्रांती पाहता येत नाही’ हे विधान तर सरळ चुकीचे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातून ट्रॅगोपोगॉन या पिवळ्या-जांभळ्या फुलांच्या तीन प्रजाती अमेरिकेच्या वायव्य भागात पोहोचल्या आणि तिथे त्यांचे आपसांत संकर होऊ लागले. असे संकर बहुधा वांझ असतात. पण काही संकरांत गुणसूत्रांची संख्या दुप्पट झाली आणि त्यांना सुपीक बी धरू लागले. पालकांमध्ये १२ गुणसूत्रे, या नव्या झाडांमध्ये २४. वनस्पतिशास्त्रज्ञ मॅरियन ओनबी यांनी १९५० साली अशा दोन नव्या प्रजातींचे वर्णन प्रसिद्ध केले. ज्या प्रजाती त्या शतकाआधी तिथे नव्हत्याच, त्या एका माणसाच्या हयातीत तयार झाल्या, आणि दुप्पट झालेल्या जनुकसंचातली कोणती जनुके टिकतात व कोणती गळून पडतात याची नोंद आजही घेतली जात आहे.

दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियातल्या कॉपरोपोलिस या गावाचे. तिथे एकोणिसाव्या शतकात तांब्याच्या खाणी सुरू झाल्या आणि खाणीच्या विषारी मातीवर मिम्युलस या पिवळ्या रानफुलाची तांबे सहन करणारी झाडे पसरली. या झाडांचा काही दूरच्या झाडांशी संकर केला तर रोपे मरतात, हेही लक्षात आले. बराच काळ असे मानले जात होते की तांबे सोसण्याची शक्ती आणि संकराचा मृत्यू यांमागे एकच जनुक असावे. २०१३ साली दाखवून दिले गेले की जनुके दोन आहेत, पण गुणसूत्रावर इतकी शेजारी-शेजारी, की उपयोगी जनुकाची निवड होताना घातक जनुकही त्याच्याबरोबर ओढले गेले. दोन गटांमध्ये भिंत उभी राहते ती कधीकधी अशी, अनवधानाने. मला स्वतःला या विषयातला हा सर्वांत विचार करायला लावणारा निष्कर्ष वाटतो.

रंग ही नुसती शोभा आहे का? याच मिम्युलस गटातल्या आणखी दोन भावंड-प्रजाती आहेत. एकीची फुले गुलाबी आणि तिच्याकडे केसाळ, जाडजूड बंबलबी माश्या येतात. दुसरीची फुले लाल आणि तिच्याकडे हमिंगबर्ड पक्षी येतात. ब्रॅडशॉ आणि शेम्स्की या संशोधकांनी पिढ्यान्‌पिढ्या संकर करून गुणसूत्रावरची रंगाशी संबंधित एकच जागा एकीतून दुसरीत नेली, बाकी झाड जवळजवळ जसेच्या तसे ठेवले, आणि ही झाडे परागवाहकांसमोर मांडली. लाल फुलांच्या प्रजातीत गुलाबीचे जनुक घातल्यावर फुले गडद गुलाबी झाली आणि त्यांच्याकडे माश्यांच्या भेटी ७४ पटींनी वाढल्या. उलट केल्यावर गुलाबी फुले पिवळसर नारिंगी झाली आणि पक्ष्यांच्या भेटी ६८ पटींनी वाढल्या. हा प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. ती जागा नेहमीप्रमाणे प्रथिन बनवत नसून अगदी लहान आरएनए (डीएनएसारखेच रेणू) बनवते, हे २०२३ साली उघड झाले. रंगातल्या एका बदलाने कोणता परागवाहक येणार हे बदलते, आणि परागवाहक बदलला की दोन प्रजातींतला परागांचा व्यवहार कमी होत जातो. शोभा म्हणून हे सोडून देता येणार नाही.

उपयोगाचा मुद्दा सर्वांत जोरात मांडला जातो. वाटाण्यांवरच्या प्रयोगांनंतर ग्रेगोर मेंडेल यांनी हायरॅशियम या पिवळ्या रानफुलावर प्रयोग केले आणि ते १८७० साली छापले. वाटाण्यात संकरांची संतती वेगवेगळी निघत होती. इथे मात्र ती हुबेहूब संकरासारखीच निघाली. याचे कारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळले: या झाडात फलनाशिवायच बी तयार होते, त्यामुळे बी म्हणजे आईची तंतोतंत प्रत असते. आता संकरित भाताकडे पाहा. त्याचे बी शेतकऱ्याने घरी राखून पुढच्या वर्षी पेरले तर गुण विखुरतात, म्हणून दरवर्षी बियाणे विकत घ्यावे लागते. फलनाविना बी धरणारा भात मिळाला तर हा खर्च टळू शकेल. २०१९ साली प्रयोगशाळेत असा भात तयार झाला. त्याचे बी धरण्याचे प्रमाण आणि खात्री अजून वाढवावी लागते आहे. २०२२ साली डँडेलियन या रानफुलात फलनाविना बी धरण्यामागचे एक जनुक ओळखले गेले. तणांनी वाट दाखवलेले हे काम थेट शेतकऱ्याच्या खर्चाशी जोडलेले आहे.

आपल्या दारातला केना घ्या. कुंपणाच्या कडेला त्याची निळी फुले सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. झाड मुळासकट उपटून माती धुतली, की खोडाच्या तळाशी जमिनीखालच्या फांद्यांवर फिकट, कधीच न उमलणाऱ्या बारीक कळ्या दिसतात. ही फुले मिटलेल्या अवस्थेतच स्वपरागण करून बी धरतात. एकाच झाडावर, एकाच जनुकसंचातून, दोन तऱ्हेची फुले. वर नांगरा-कोयत्याने सगळे कापले तरी खालचे बी राहते. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ग्लायफोसेट या तणनाशकाला दाद न देणारा हाच केना कापसाच्या शेतातली मोठी डोकेदुखी ठरला. त्याची बी धरण्याची रीत न समजता त्याला आवर घालणे कठीण आहे.

संदेशातली एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: प्रत्येक रानफूल संशोधनाचा नमुना होऊ शकत नाही. कारवी आठव्या वर्षी फुलते आणि मरते. येऊर-बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ नंतर २०२४ साली फुलली. तिच्या दहा पिढ्या पाहायच्या तर ८० वर्षे लागतील. तिचे मोल वेगळे आहे. तेरड्याचे तसे नाही. गौरीच्या आधी ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या बाजारात ज्याच्या जुड्या येतात तो तेरडा एका पावसाळ्यात आपले आयुष्य पुरे करतो, बोट लावताच शेंग फोडून भरपूर बी उधळतो, आणि त्याच्या रंगांच्या आनुवंशिकतेवर विसाव्या शतकाच्या मध्यातच काम झालेले आहे. त्याच्या फुलामागे मधाची एक बारीक शेपटी असते. अ‍ॅक्विलेजिया या परदेशी रानफुलालाही अशी शेपटी असते आणि तिच्या घडणीला आवश्यक असलेले एक जनुक २०२० साली सापडले. अ‍ॅक्विलेजियाची शेपटी पाकळीतून निघते, तेरड्याची निदलातून, म्हणजे कळीला बाहेरून झाकणाऱ्या दलातून. याचा अर्थ दोघांनी ती स्वतंत्रपणे कमावली. दोन निरनिराळ्या वाटांनी एकच अवयव घडताना तीच जनुके कामी येतात की वेगळी, हे तपासण्यासाठी लागणारे झाड ठाण्यात दर पावसाळ्यात मुबलक उगवते, आणि कुंडीतही सहज वाढते.