काठ्या होत्या तेव्हाचा घुमट

नमस्कार. उघड्यावरच्या शिल्पांच्या पूर्वतयारीच्या रेखाटनांवर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दगड, माती, झाडं यांतून उघड्यावर घडणारं शिल्प जागेवरच सुचायला हवं, आधी कागदावर आखलं की ते इमारतीचं काम झालं, आणि ही रेखाटनं मुळात विकण्यासाठीच असतात.

विकण्याचं बरंचसं मान्य. माळावरचा बांध कुणाच्या भिंतीवर टांगता येत नाही, कागद येतो. शिवाय ‘पूर्वतयारी’ म्हणून दाखवलेली काही चित्रं काम उरकल्यावर काढलेली असतात. हे मी लेखातच लिहायला हवं होतं.

पण इमारतीचं काम? अमेरिकन शिल्पकार रॉबर्ट स्मिथसनने १९७० मध्ये यूटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवरात ‘स्पायरल जेट्टी’ केली. बेसॉल्टचे दगड आणि माती यांचा सुमारे १,५०० फूट लांब, १५ फूट रुंद बांध. चित्रं आधी काढलेली होती. तरी पहिल्यांदा जो आकार पाण्यात उभा राहिला, तो वेगळाच: साधी वळलेली वाट आणि टोकाला मोठा गोल. तो त्याला पटेना. काही दिवसांतच माणसं आणि यंत्रं परत बोलावून त्याने आजचं वेटोळं करून घेतलं. इमारतीत असं करून पाहा!

तुमच्या बाजूचा एक दाखला मात्र मीच देतो. १९७३ मध्ये टेक्सासमधल्या ‘अमॅरिलो रॅम्प’ या आपल्या पुढच्या शिल्पाच्या जागेची विमानातून पाहणी करताना स्मिथसन अपघातात गेला, आणि ते काम त्याच्या पत्नीने, नॅन्सी होल्टने, मित्रांच्या मदतीने त्याच्या आखणीवरून पुरं केलं, म्हणजे इमारतीसारखंच. तो स्वतः असता तर तिथेही काही बदललं असतं का? मला वाटतं, बदललं असतं. सिद्ध करता येणार नाही.

आता तुमचं ‘जागेवरच सुचावं’. ब्रिटिश शिल्पकार डेव्हिड नॅशने १९७७ मध्ये वेल्समध्ये ॲश या झाडाची २२ रोपं गोलाकार लावली. त्यांचा घुमट व्हायचा होता. त्या दिवशी जागेवर काय होतं? काठ्या. खोडाला खाच देऊन ते वाकवायचं, कलम करायचं, छाटायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. कुठे वाकवायचं हे ठरवायला घुमट आधी कागदावरच बघावा लागला. पुढे झाडं वाढत गेली तसा तो तोच घुमट पुन्हा पुन्हा काढत राहिला. त्यातली पूर्वतयारीची चित्रं कोणती आणि नंतरची कोणती, हे तुम्ही वेगळं करून दाखवलंत तर मी लेख दुरुस्त करेन.