सुतळी नको, रुमाल आणि पाना घ्या

भाऊ, विळ्याच्या खोल जखमेचं रक्त थांबवायला हातापायावर पट्टा आवळण्याच्या लेखावर तुमचं म्हणणं असं: आधी जखम दाबावी, पट्टा आवळला की पाय कापावा लागतो, आवळलाच तर दर १५ मिनिटांनी सैल करावा, आणि जखमेत हळद भरून भागतं, मग एवढा खटाटोप कशाला?

पायाची भीती उगाच नाही, पण ती बहुतेक चुकीच्या पट्ट्याची आहे. सुतळी किंवा ठिबकची १६ मिमीची नळी कातडीत रुतते, मज्जातंतू चेपते. त्यात वरच्या शिरा बंद होतात आणि खोल धमनी चालूच राहते. रक्त खाली येतं, परत जात नाही, जखम जास्तच वाहते. रुंद पट्टा ढिला बांधला तरी हेच होतं.

खांद्यावरचा बागायती रुमाल ४-५ सेंमी रुंद घडी करून जखमेच्या वर ५ ते ७ सेंमीवर गुंडाळा. सांध्यावर मात्र नको. अर्धी गाठ, तिच्यावर ट्रॅक्टरच्या पेटीतला वीतभर पाना, त्यावर पक्की गाठ. आता रक्त थांबेपर्यंत पाना पिळा. जखमी ओरडेल, तरी थांबू नका. पान्याचं टोक दुसऱ्या चिंधीनं बांधा, नाहीतर पीळ उलगडतो. पान्याऐवजी वाळकी पऱ्हाटी, तुराटी घेतली तर कटकन मोडते. चामडी कमरपट्टा तर पिळलाच जात नाही.

सैल करण्याचा सल्ला जुना आहे, आणि घातक. प्रत्येक वेळी धरलेली गुठळी सुटते, थोडं थोडं करत माणूस रिकामा होतो. बांधल्याची वेळ कपाळावर पेनानं लिहा, १०८ ला फोन करा. साधारण दोन तासांच्या आत दवाखाना गाठला तर हातपाय जाण्याचा धोका कमी असतो. पट्टा सोडायचा तो डॉक्टरांनीच.

आधी दाबायचं, हे तुमचं बरोबर. लेखात ते मागे पडलं. विळ्याच्या बहुतेक जखमा नुसत्या दाबानं थांबतात. पट्टा बांधायचा तो रक्ताच्या चिळकांड्या उडत असतील किंवा दाबून थांबत नसेल तेव्हाच, आणि फक्त हातापायाला. जांघेत, काखेत तो बसत नाही. तिथं स्वच्छ सुती कापड बोटानं जखमेच्या तळापर्यंत कोंबा आणि अंगाचा भार देऊन सलग १० मिनिटं दाबा. उचलून बघितलंत की पहिल्यापासून सुरुवात. छाती-पोटाच्या जखमेत मात्र काही कोंबू नका.

हळद धमनीच्या धारेपुढे टिकत नाही; वाहून जाते, उरलेली दवाखान्यात धुऊन काढावी लागते.

आणि हा पट्टा साप चावल्यावर कुणी बांधू नका.