अथांग

वही भिजली. पण 'भिजणारच होती' हे त्या काकांनी वही भिजल्यावर सांगितलं, तो राग अजून गेलेला नाही.

चूक हिशेबाची होती. आदल्या दिवशी सकाळी नऊला पाणी पुरतं चढून मागे फिरताना पाहिलं होतं, म्हणून त्या दिवशीही नऊला ओल्या रेषेच्या चार पावलं अलीकडे खुर्ची टाकली. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते. म्हणजे पाणी अजून चढतच होतं. त्यात अमावास्या दोन दिवसांवर आलेली, तेव्हा पाणी रोज थोडं जास्तच वर येणार. मांडीवरून घसरून वाळूत पडलेल्या वहीला हे कोण सांगणार?

काका सांगू शकले असते. शेजारच्या खुर्चीत तासभर बसून होते.

"मघाशीच सांगणार होतो," ते म्हणाले, "पण म्हटलं, लेखकाची तंद्री कशाला मोडा."

तंद्री! एका वाक्यापुढे गाडी सरकत नव्हती, म्हणून मी डोळे मिटले होते.

काकांनी वही उचलली, चिमटीत धरून पानं उलटली. "कोरीच आहे की!"

"पहिल्या पानावर एक वाक्य होतं."

"कुठलं?"

सांगायला नको होतं. "समुद्र अथांग होता."

काकांनी समुद्राकडे पाहिलं. शांतपणे, जमीन मोजायला आलेला माणूस पाहतो तसं. "इथे? इथे गुडघाभर. त्या खडकापर्यंत गेलात तर कमरेइतकं. ओहोटीला तेही नाही." मग वही परत देत म्हणाले, "बरं झालं, पुसलं गेलं."

फाउंटन पेनची साधी शाई पाण्यात विरघळते. समुद्रावर पेन्सिल न्यावी, शिसं पसरत नाही. बॉलपेनही नको, दमट कागदावर त्याची गोळी नुसती घसरते. हे सगळं मला माहीत आहे. माहीत नाही ते फक्त दुसरं वाक्य.

वही वाचवायचे सोपस्कार मात्र यथासांग केले. आधी गोड्या पाण्यातून हलकेच बुडवून काढली, कारण लिटरमागे 35 ग्रॅम मीठ असलेलं ते पाणी तसंच वाळलं, तर मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं आणि कागद कधीच कुरकुरीत होत नाही. मग दर दहा पानांनंतर टिपकागद, तो ओला झाला की बदलायचा. मग वही उभी करून पानं पंख्यासारखी पसरायची, तीही सावलीत, वाऱ्यावर. दोन दिवसांत वाळली नाही तर बुरशी धरू शकते. तेवढा वेळ हाताशी नसेल, तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायची आणि सवडीने वाळवायची. एवढी सेवा मी लिहिलेल्या वहीची कधी केली नव्हती.

आता ती वाळली आहे. फुगली आहे, मिटत नाही, आणि पहिल्या पानावर निळसर डाग आहे. खरं सांगायचं तर वाक्यापेक्षा डाग बरा दिसतो.

काका रोज भेटतात. "वाळली का?" एवढंच विचारतात. काही लिहिलं का, असं एकदाही विचारत नाहीत.